जॅझमधून क्यूबन संगीतात शिरताना: कॅल जेडरची वाट आणि रियाजाचा क्रम

प्रश्न थोडक्यात असा आहे: बरीच वर्षं व्हायब्राफोनवर (धातूच्या पट्ट्यांचं, काठ्यांनी वाजवायचं वाद्य) जॅझ वाजवतो, स्टँडर्ड्स पाठ आहेत, कॉर्ड्सचं बऱ्यापैकी कळतं. व्हायब्राफोनवादक कॅल जेडर, टोरांटोची जेन बनेट अशा लोकांची कारकीर्द क्यूबन संगीत शिकल्यामुळे बदलली म्हणतात. ते नेमकं काय शिकले, आणि मला शिकायचं तर सुरुवात कुठून करू?

सुरुवात काँगापासून, म्हणजे हातांनी वाजवायच्या उंच क्यूबन ढोलापासून करा, तुमचं वाद्य कोणतंही असो. जॅझवाल्याला क्यूबन गाण्यांची हार्मनी सोपीच जाते, अनेकदा दोन-तीन कॉर्ड्सवर अख्खं गाणं चालतं. अडतं ते लयीत, आणि लयीचं हे ज्ञान तालवादकांच्या हातात आहे. ज्या जॅझवाल्यांना या संगीताने खरोखर वळण दिलं ते तालवादकांच्या शेजारी बसून शिकले, किंवा तसं शिकलेल्या माणसाकडून शिकले. रेकॉर्डवरून नुसत्या जागा उचलल्या तर वाजवण्याला थोडा लॅटिन रंग येतो, त्यापलीकडे काही होत नाही.

जेडरचं उदाहरण चांगलं, कारण त्यात हे शिक्षण कोणाकडून कोणाकडे गेलं ते नावानिशी दाखवता येतं. 1947 मध्ये जॅझ ट्रम्पेटवादक डिझी गिलेस्पीला बिग बँडसाठी काँगावादक हवा होता. हवानाहून न्यूयॉर्कला आलेला ट्रम्पेटवादक मारिओ बाउसा आणि गिलेस्पी पूर्वी कॅब कॅलोवेच्या बँडमध्ये बरोबर होते. बाउसाने गिलेस्पीची क्यूबन काँगावादक चानो पोसोशी गाठ घालून दिली. 29 सप्टेंबर 1947 ला पोसो त्या बँडबरोबर कार्नेगी हॉलमध्ये वाजला, 30 डिसेंबरला ‘मान्तेका’ रेकॉर्ड झालं, आणि 2 डिसेंबर 1948 ला हार्लेममध्ये त्याचा खून झाला. सगळे मिळून जेमतेम चौदा महिने. पण त्या काळात बसने गावोगाव फिरताना पोसो एक ढोल गिलेस्पीकडे द्यायचा, एक बासवादक अल मॅकिबनकडे, एक स्वतः घ्यायचा, आणि प्रत्येकाला वेगळा ठेका धरून ठेवायला लावायचा. गिलेस्पीनेच हे सांगून ठेवलं आहे. आपला ठेका न सोडता शेजारच्याचा ऐकणं, ही या संगीतातली पहिली शिकवणी, आणि ती त्या बसमध्ये झाली.

पुढे मॅकिबन पियानोवादक जॉर्ज शिअरिंगच्या क्विंटेटमध्ये गेला. 1953 मध्ये तिथे जेडर व्हायब्राफोनवर आला. जेडर स्वीडिश वंशाच्या अमेरिकन कुटुंबातला, डेव्ह ब्रुबेकच्या ट्रिओत ड्रम्स वाजवलेला. न्यूयॉर्कमध्ये मॅकिबन त्याला माचितो आणि तितो पुएंते यांचे बँड ऐकायला घेऊन गेला. पुएंते टिंबालेसही (काठ्यांनी वाजवायची धातूची ढोलजोडी) वाजवायचा आणि व्हायब्राफोनही, म्हणजे जेडरला जे दोन्ही येत होतं त्याचा नमुना समोर उभा. 1954 मध्ये शिअरिंगचा बँड सोडून तो सॅन फ्रान्सिस्कोला परतला आणि मॅम्बो हे क्यूबन नृत्यसंगीत वाजवणारा स्वतःचा क्विंटेट काढला. काही वर्षांत पुएंतेच्या बँडमधले तालवादक मोंगो सांतामारिया आणि विली बोबो त्याच्याकडे आले, मॅकिबनही आला. 1964 मध्ये रेकॉर्ड झालेलं त्याचं सर्वांत गाजलेलं ‘सोल सॉस’ हे गिलेस्पी आणि पोसोच्या ‘ग्वाराची ग्वारो’चंच नवं रूप आहे. 1975 पासून 1982 मध्ये जेडर वारला तोवर काँगावर पाँचो सांचेस होता. म्हणजे त्याच्या शेजारचा काँगावादक कधी हलला नाही, माणूस बदलला तरी जागा कायम राहिली. जेडरचे सोलो ऐका: ओळी छोट्या, मध्ये भरपूर मोकळी जागा. ती जागा काँगा आणि टिंबालेससाठी सोडलेली आहे. कारकीर्द बदलते ती अशी. आधी ऱ्हिदम सेक्शन बदलतो, मग सोलोची वाक्यं बदलतात, आणि मग कोणती गाणी घ्यायची तेही.

आता प्रत्यक्ष अभ्यास. दोन बार घ्या, प्रत्येकी चार मात्रा. प्रत्येक मात्रेचे दोन समान भाग केले की 16 घरं होतात. पुढचे सगळे आकडे याच घरांचे आहेत. क्लावे म्हणजे दोन काठ्यांवर वाजणारा पाच ठोक्यांचा साचा, एका बारमध्ये तीन आणि दुसऱ्यात दोन; बाकी सगळे त्याला धरून वाजवतात. सोन आणि रुंबा या दोन क्यूबन प्रकारांचे क्लावे थोडे वेगळे. सोन क्लावे, तीन-दोन: 1, 4, 7, 11, 13. रुंबा क्लावेत फक्त तिसरा ठोका एक घर पुढे सरकतो: 1, 4, 8, 11, 13. दोन-तीन म्हणजे हेच बार उलटे: सोनमध्ये 3, 5, 9, 12, 15. पायाने प्रत्येक बारची पहिली आणि तिसरी मात्रा धरा, म्हणजे घरं 1, 5, 9, 13. पाय मिनिटाला 60 पडेल इतक्या धीम्या लयीत सुरू करा. पाय चालू, हाताने क्लावे, तोंडाने बासची ओळ, असं सलग दहा मिनिटं न चुकता जमलं की चार-पाचने लय वाढवा. 90 ते 100 ला आरामात चालायला लागलं की पुढे जा. आधी रुंबा क्लावेच्या नादी लागू नका. सोन पक्का नसताना ते 8 चं घर हळूहळू 7 कडे सरकतं आणि दोन्ही बिघडतात.

बासची ओळ, म्हणजे तुम्बाओ, प्रत्येक बारमध्ये 4 आणि 7 या घरांवर (दुसऱ्या बारमध्ये तीच 12 आणि 15). पहिली मात्रा रिकामी. बार एकमध्ये सी मायनर, बार दोनमध्ये एफ सेव्हन असेल तर 4 ला जी, आणि 7 ला एफ, म्हणजे पुढच्या बारचा मूळ स्वर एक मात्रा आधी. तोच स्वर लांबवून पुढच्या बारमध्ये न्यायचा, मग 12 ला सी, आणि 15 ला त्यापुढच्या कॉर्डचा मूळ स्वर. जॅझचा बासवादक इथे हमखास घसरतो: वॉकिंगच्या, म्हणजे दर मात्रेला एक स्वर देण्याच्या सवयीने तो पहिल्या मात्रेवर पुन्हा ठोका देतो, आणि सगळा बँड जड होतो. उपाय म्हणून पहिल्या मात्रेला हात तारेवरून चक्क उचलायचा, सवय मोडेपर्यंत.

काँगाचा मूळ ठेका एका बारचा आहे: 1 ला तळवा, 2 ला बोटं, 3 ला थाप, 4 ला बोटं, 5 ला तळवा, 6 ला बोटं, आणि 7 व 8 ला दोन खुले ठोके. हे तुम्हाला बोटांनी टेबलावर तरी वाजवता आलं पाहिजे. ऐकायला ठळक येतात ते 3, 7 आणि 8. बासच्या 4 आणि 7 शी हे जोडून पाहा: दोघांचंही वजन बारच्या शेवटी आहे, सुरुवातीला कोणीच काही ठळक वाजवत नाही.

पियानोचा मोन्तुनो, म्हणजे पुन्हापुन्हा फिरणारी तुटक ओळ, दोन-तीन क्लावेमधला नेहमीचा साचा: 1, 3, 4, 6, 8 आणि दुसऱ्या बारमध्ये 10, 12, 14, 16. दोनच्या बारमध्ये सुरुवात मात्रेवर, तीनच्या बारमध्ये एकही स्वर मात्रेवर नाही. सर्वांत नेहमीची चूक म्हणजे 9 ला स्वर घालणं. दुसरा बार सुरू झाला की हात आपोआप पडतो, आणि क्लावेची बाजूच पुसली जाते. कॉर्ड बदलते ती 8 आणि 16 या घरांवर. इथे एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. बास नव्या कॉर्डवर 7 ला पोहोचतो, पियानो 8 ला, आणि नवशिका सोलोवाला पुढच्या 1 ला. एकच कॉर्ड तीन वेगवेगळ्या वेळी बदलते. पहिल्या दोघांचं तसं पोहोचणं हीच या संगीताची ओढ आहे, तिसऱ्याचं पोहोचणं म्हणजे उशीर. स्वर बरोबर असूनही सोलो मागे पडल्यासारखा वाटतो तो यामुळे. व्हायब्राफोनवर मोन्तुनो वाजवणार असाल तर स्वर थरथरवणारी मोटर बंद ठेवा आणि पेडल अगदी थोडं उघडा. स्वर रेंगाळले की 3 आणि 4 एकमेकांत मिसळतात. पियानो आधीच मोन्तुनो वाजवत असेल तर तुम्ही तोच वाजवू नका, थांबा, किंवा क्लावेवर दोन स्वरांची छोटी ओळ धरा.

तबला ऐकत वाढलेल्या कानाला इथे एक खास अडचण येते. 16 आकडा पाहून तीनताल आठवतो, पण इथे परतण्यासाठी सम नाही. हिंदुस्थानी तालीम झालेले वादक क्यूबन ठेक्यावर सोलो घेताना छान बांधलेली तिहाई 1 वर आणून सोडतात, आणि ती बरोबर असूनही फसते, कारण बास आणि पियानो तोवर पुढे गेलेले असतात. तिहाई टाकू नका, तिचं उतरण्याचं घर बदला. तीन स्वर आणि एक घर मोकळं, असं तीनदा घ्या: तीन-दोन क्लावेत 1 पासून सुरू केलं तर शेवटचा स्वर 11 वर पडतो, तो क्लावेचा ठोका आहे. 3 पासून सुरू केलं तर 13 वर. आणि आधीच्या आवर्तनातल्या 13 पासून सुरू केलं तर 7 वर, तेही क्लावेवर आणि बासच्या बरोबर. तालवादक मान वर करून बघतील अशी ही जागा आहे.

स्विंगबद्दल. जॅझमध्ये मात्रेचा पहिला भाग लांब आणि दुसरा आखूड घेतो. क्यूबन वाजवण्यात दोन्ही भाग जवळजवळ सारखे असतात, आणि शिवाय जॅझचा सोलोवाला ठोक्याच्या किंचित मागे राहतो तसं इथे चालत नाही. तालवादक पुढे रेटत असतात. तुम्ही मागे राहिलात की लय खाली ओढली जाते आणि दोष मात्र काँगावाल्यावर येतो. एकाच स्वरावर सोलो घेण्याचा सराव यावर फार उपयोगी. एक स्वर निवडा, ग्वाग्वांको या रुंबाच्या प्रकारातल्या किंतोचे, म्हणजे सर्वांत लहान, बोलक्या ढोलाचे तुकडे ऐका आणि त्या एकाच स्वरावर ते उतरवून घ्या. स्वर बदलण्याची मुभा नसली की लयीत काय येत नाही ते लगेच उघडं पडतं. याच्या जोडीला गायकांचे तुकडे उतरवा, फेलिक्स चापोत्तिनचे ट्रम्पेट सोलो उतरवा, ऑर्केस्ता अरागोनमधल्या रिचर्ड एग्वेसची बासरी उतरवा. अमेरिकन जॅझवाल्यांचे लॅटिन सोलो पहिल्या वर्षात उतरवू नका.

ड्रमसेट असेल तर राइड सिंबलवरचा स्विंग आणि दुसऱ्या-चौथ्या मात्रेवरची हाय-हॅट दोन्ही बंद. गाण्याच्या भागात फ्लोअर टॉमच्या कडेवर कास्कारा, म्हणजे एरवी टिंबालेसच्या कडेवर वाजणारा ठेका, आणि मोन्तुनोचा भाग (कोरस आणि सोलो) सुरू झाला की घंटा. काँगा, टिंबालेस आणि ड्रमसेट तिन्ही असतील तर ड्रमरने निम्मं वाजवावं. तालमीत थर एकेक करून चढवा: क्लावे, काँगा, बास, पियानो, मग टिंबालेस, शेवटी बाकीचे. मग मध्येच सगळी तालवाद्यं थांबवा. फक्त बास आणि पियानोवरून क्लावे ऐकू येत राहिला तर बँड तयार आहे.

एखादं जॅझ स्टँडर्ड, म्हणजे सगळे वाजवतात असं गाणं, क्लावेत बसवताना घाई फार महागात पडते. चाल म्हणून पाहा: ज्या बारमध्ये चालीचा जोर 4 च्या घरावर येतो तो बहुधा तीनचा, ज्यात स्वर मात्रांवर सरळ पडतात तो दोनचा. चालीने कौल दिला नाही तर ती थोडी बदला, क्लावे वाकवू नका. एकदा सुरू झालेला क्लावे मध्येच उलटत नाही. 12 बारचा ब्लूज आणि 32 बारचं गाणं सम संख्येचं असल्याने निभतं. गोची होते ती सात बारच्या प्रस्तावनेत, एका बारच्या ब्रेकमध्ये किंवा विषम बारांच्या टॅगमध्ये, म्हणजे शेवटच्या पुरवणीत: तिथून पुढे चाल एका बाजूला आणि क्लावे दुसऱ्या बाजूला. याला क्रुसादो म्हणजे आडवा क्लावे म्हणतात आणि अनुभवी टिंबालेसवाला दोन बारांत ओळखतो. एक बार घाला किंवा काढा, आणि ते स्वरलिपीतच लिहून ठेवा.

‘मान्तेका’ या दृष्टीने ऐका. पोसोने बासची, सॅक्सोफोनची, ट्रॉम्बोनची ओळ गाऊन दाखवली, गिल फुलरने ती लिहून काढली. तो सगळा भाग एकाच कॉर्डवर. गिलेस्पीला ते पुरेना, त्याने 16 बारचा ब्रिज, म्हणजे मधला वेगळा भाग जोडला, आणि तिथे आल्याबरोबर बँड स्विंगमध्ये जातो. दोन भाषा शेजारी उभ्या आहेत, अजून मिसळलेल्या नाहीत. जेडरच्या बँडमध्ये त्या मिसळलेल्या ऐकू येतात, कारण मधल्या वर्षांत बासवाला काँगा शिकलेला होता.

12 घरांचा ठेका वेगळा शिका. बेंबे या आफ्रो-क्यूबन विधीसंगीतातली घंटा: 1, 3, 5, 6, 8, 10, 12. पाय 1, 4, 7, 10 वर. जॅझवाला इथे पाय सोडून तीन-तीनचा वॉल्ट्झ मोजायला लागतो. सांतामारियाचं ‘अफ्रो ब्लू’ 1959 मध्ये जेडरच्या सेक्स्टेटबरोबर रेकॉर्ड झालं. त्यात पायाच्या चार ठोक्यांवर बास सहा ठोके टाकतो, घरं 1, 3, 5, 7, 9, 11. जॉन कोल्ट्रेनने 1963 मध्ये तेच तीन मात्रांच्या स्विंगमध्ये घेतलं आणि मुख्य काय, आडवं काय हे उलटून गेलं. ती फार मोठी कलाकृती आहे, पण अभ्यासाला आधी सांतामारियाचं घ्या. उलट क्रमाने शिकलेल्यांना पाय चारवर आणायला फार वेळ लागतो.

जेन बनेटचा मार्ग वेगळा. टोरांटोची ही पियानोवादक हाताच्या दुखण्याने पियानो सोडून बासरी आणि सोप्रानो सॅक्सोफोनकडे वळली. 1982 मध्ये ती पती, ट्रम्पेटवादक लॅरी क्रेमर यांच्याबरोबर सांतियागो दे कूबाला गेली आणि मग जातच राहिली. 1991 मध्ये हवानात रेकॉर्ड केलेल्या तिच्या ‘स्पिरिट्स ऑफ हवाना’मध्ये गायिका मेर्सेदितास वाल्देस, त्यांचे पती आणि तालवादक गियेर्मो बारेतो, पियानोवादक फ्रँक एमिलिओ फ्लिन, आणि योरुबा आंदाबो हा रुंबाचा गट आहे. म्हणजे मधल्या नऊ वर्षांच्या ओळखी त्या एका रेकॉर्डमध्ये उतरल्या. क्यूबातल्या संगीतशाळांसाठी तिने वाद्यं गोळा केली, दुरुस्त करवून दिली. पुढे तिने माकेके हा तरुण क्यूबन स्त्रियांचा गट बांधला, आणि त्यात तालवाद्यांवरही स्त्रियाच आहेत. ज्या परंपरेत पूजेच्या बाता ढोलांना स्त्रियांनी हात लावायचा नसतो, तिथे हे मोठं पाऊल आहे.

बाताबद्दल स्पष्ट सांगायला हवं. इया, इतोतेले, ओकोंकोलो हे तीन ढोल, आणि प्रत्येक ओरिशाचे, म्हणजे देवतेचे, ठेके ठरलेले. विधीचे प्रतिष्ठा केलेले ढोल वेगळे आणि शिकवायला, मैफलीला वापरायचे वेगळे. आपल्या गाण्यात असा ठेका घ्यायचा तर तो कोणाचा, त्याचं गाणं कोणतं, हे शिकवणाऱ्याला आधी विचारा. एका देवतेचा ठेका आणि दुसरीचं गाणं जोडलं की जाणत्यांना ते खुपतं, आणि त्यांचं खुपणं रास्त आहे.

क्यूबाला जाणार असाल तर हवानात 1962 मध्ये स्थापन झालेला कोंहुन्तो फोल्क्लोरिको नासिओनाल, आणि रुंबासाठी मातान्सास, जिथे 1952 पासून मुन्येकितोस दे मातान्सास हा गट आहे. शिकवणीचे पैसे आधी ठरवा, घासाघीस करू नका. रीड, तारा, ड्रमस्टिक्स, पेडलच्या स्प्रिंगा घेऊन जा. तिथे या वस्तू मुश्किलीने मिळतात. जाण्याआधी घरी निदान सहा महिने क्लावे, तुम्बाओ आणि काँगाचा मूळ ठेका झालेला असावा, नाहीतर तिथले महागाचे दिवस पाय धरायला शिकण्यात जातात. मोन्तुनोवर जबाबदारीने सोलो घ्यायला नियमित रियाजाचं साधारण वर्ष धरा.

पहिल्या धड्याला व्हायब्राफोनचा विषयही काढू नका. क्लावेच्या काठ्या हातात मागून घ्या आणि शिकवणारा काँगा वाजवेल तेव्हा क्लावे धरून ठेवा. तो मुद्दाम तुमच्या विरुद्ध वाजवून बघेल. क्लावे सुटला तर थांबून पुन्हा 1 पासून सुरू करा, मध्येच पकडायला जाऊ नका. तसं पकडताना बहुतेकदा उलटी बाजू हातात येते. टिकला तर काँगावर बसायला सांगतील, आणि क्लावे ते स्वतः घेतील.